हळद्या वाघाची जीभ

१

बालाजी सरांचं डोकं माझ्या बापाच्या वरवंट्यानं फोडलं होतं.

वरवंटा आमच्या घरचा. बा त्यावर चित्रांचे रंग वाटायचा. माझा बा म्हणजे फुलसिंग मास्तर. लेकरांसाठी नऊ पुस्तकं लिहिली, चित्रंही सगळी स्वतःच काढली. तुमी लहानपणी 'हळद्या वाघ' वाचला असंल तर तो त्याचाच. तो गेल्यावर याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, चित्रांची पेटी अन् वरवंटा पुण्याच्या संग्रहालयवाल्यांना दिला. बोली अशी झाली होती की दोन वर्षं प्रदर्शन गावोगाव फिरवायचं, मग चाळीसच्या चाळीस चित्रं आमच्या तांड्यातल्या शाळेला परत द्यायची. दोन वर्षं तो वरवंटा काचेच्या कपाटात बसून बसमधून फिरला. शेवटचा मुक्काम जवळा बाजार, आमच्या बाजाराचं गाव. तिथं येऊन त्यानं माणूस मारला.

मी तेव्हा तातेराव शेठच्या यार्डात हळदीला पॉलिश मारून राहिलो होतो. पत्र्याचा ढोल फिरतो, आत हळकुंडं आदळतात, कानात दुसरं काही शिरत न्हाई. त्याच्यामुळं गर्दी आलेली मला कळलीच न्हाई. पाठीत लाथ बसली तेव्हा कळली.

बाजाराचा दिवस होता. पन्नास-साठ लोक तरी असतील. एकानं माझं तोंड हळदीच्या ढिगात दाबलं. श्वासासोबत हळद छातीत गेली. दुसऱ्यानं केस धरून वर उचललं अन् तिसऱ्यानं तोंडावर दांडा हाणला. समोरचे दोन दात जिभेवर आले. मी ते थुंकले.

"बघा, अजून माजात थुंकून राहिला," कुणीतरी म्हणालं.

"काय केलं मी?"

"बालाजी सायबाला मारलं अन् वरून इचारतोस?"

मग बरगडीत लाथा. तिसऱ्या लाथेला आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. मी हात वर करायचं सोडून दिलं.

त्या गर्दीत एक बाई शिरली. खाकी वर्दी, हातात काठी. फौजदार शिवकन्या मॅडम. तिनं पहिल्या माणसाच्या नडगीवर काठी घातली, दुसऱ्याच्या मनगटावर. मग खिशातून वही काढली.

"ह्याला मारायचंय ना? बराबर. एकेकानं पुढं या, नाव सांगा, अंगठा द्या, मग मारा."

कुणी पुढं आलं न्हाई. मागचे लोक भाजी घ्यायला निघून गेले.

मॅडमनं मला उचलून शेजारच्या मंगल कार्यालयात नेलं. कार्यालयही तातेराव शेठचंच, प्रदर्शन तिथंच लागलं होतं. तिनं माझा एक हात बेडीनं खिडकीच्या गजाला अडकवला.

"बाहेर सोडलं तर दिवस मावळायच्या आत तू बी मरशील. इथं बस."

समोर फरशीवर रक्ताचं थारोळं. प्रेत दवाखान्यात नेलं होतं. रक्त वाळून काळं पडलं होतं, माशा बसल्या होत्या. शेजारी एक गमछा पडलेला, हळदीनं पिवळाधमक, अन् त्याच्यावर हाताचे लालभडक ठसे.

"कुणाचा ह्यो?" मॅडमनं इचारलं.

खोटं बोलून काही होणार नव्हतं.

"माझा."

२

आदल्या दिवशी काय झालं ते सांगतो, म्हणजे लोकांनी मलाच काहून धरलं ते कळंल.

उद्घाटनाला मी याडीला घेऊन गेलो होतो. माझी याडी भिकाबाई, सत्तरीची, डोळ्यानं अजून सुई ओवते. ती एकेका चित्रासमोर थांबत गेली. हळद्या वाघासमोर आली. सगळ्यात मोठं चित्र ते. वाघ पिवळाजर्द, मिशा काजळाच्या, तोंड उघडं. खाली पाटी होती, 'कागदावर पिवळी माती, काजळी व डिंक'.

याडी लई वेळ बघत राहिली. मग माझ्या कानात म्हणाली, "ह्यो त्यांचा वाघ न्हाई."

"काय बोलून राहिलीस?"

"त्यांचा पिवळा उजेडात मरतो. पेटी चार दिवस उघडी राहिली तरी ते मला शिव्या घालायचे. दोन वर्षं दिव्याखाली राहून एवढा ताजा वाघ? ह्यो दुसऱ्याचा हात हाय."

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, विकली ह्यांनी. बापाची चित्रं विकून आमच्या तोंडावर नकला मारल्या. मी सरळ जाऊन प्रदर्शनाचे मुख्य साहेब, बालाजी सर, त्यांची गचांडी धरली अन् भिंतीवर आपटलं. एकदा न्हाई, दोनदा. चष्मा पडला, फुटला. 'तुला सोडत न्हाई' असं मी ओरडलो. दोनशे लोकांनी ऐकलं. त्या झटापटीत माझा गमछा तिथंच पडला.

बालाजी सरांनी पोलीस बोलावले न्हाईत. उलट याडीसमोर उकिडवे बसले, अर्धा तास हळू आवाजात तिला काहीतरी इचारत राहिले. निघताना मला म्हणाले, "उद्या दुपारी चारला आईला घेऊन या. आज रात्री हिशेबानं विचार करतो, उद्या खात्री करतो. चूक आमची असेल तर पाय धरीन." अन् हसून म्हणाले, "चष्मा मात्र तुम्हीच भरून द्यायचा, शेवाभाऊ."

माझं नाव सेवा हाय. पुण्याची माणसं शेवा म्हणतात.

उद्या चार वाजायच्या आत ते मेले.

३

शिवकन्या मॅडमनं चौकशी तिथंच मांडली. एक टेबल, दोन खुर्च्या. मी गजाला बांधलेला, एक डोळा सुजून बंद. सगळं ऐकू मात्र येत होतं.

एक ते तीन प्रदर्शन बंद असायचं, ऊन लई म्हणून. मागचं दार उघडंच. त्या दोन तासांत आवारात सर सोडून चौघं होते. मी, तातेराव शेठ, बसचा ड्रायव्हर बाबूसिंग अन् सोमेश्वर. सोमेश्वर म्हणजे चित्रांची देखभाल करणारा, लोकांना काठी फिरवून माहिती सांगणारा. पुण्याचा. शर्ट असा पांढरा की माशी बसायला लाजावी.

पहिला बाबूसिंग. प्रेत त्यालाच दिसलं होतं.

"चहा घेऊन आलो मॅडम, अडीचला. साहेब पालथे. मला वाटलं झोपले. मग डोक्याचा मागचा भाग दिसला. दिसला म्हणजे, नव्हताच."

"सकाळी तुझं त्यांच्याशी भांडण झालं."

"कुणी सांगितलं? शेठनं? गाडीचा एक टायर गुळगुळीत झालाय, मी बदलला न्हाई म्हणून बोलले. बोलायचा हक्क होता त्यांचा. मारायला टायर पुरंल का मॅडम?"

"दुपारी काय करत होतास?"

"कपडे धुतले. बसच्या मागं बघा, दोरीवर हायेत. माझे दोन, बालाजी साहेबाचा एक. रोजचंच हाय. सोमेश्वर साहेबाचे तर दोन वर्षं मीच धुतो अन् इस्त्रीला नेतो. त्यांना बादली कुठली अन् तांब्या कुठला तेवढं बी कळत न्हाई. घरी आई धुते, दौऱ्यावर मी." मग जरा थांबून म्हणाला, "आज मात्र दिले न्हाईत. म्हणाले, राहू दे."

मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं. मग उठून थारोळ्यापाशी गेली. वाघाच्या चित्रावरची काच कुणीतरी काढली होती, ती फुटून पडली होती, तुकडे भिंतीला टेकवून ठेवले होते. ती वाकली.

"मयताच्या मुठीत एक डबी होती," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "चुन्याची. पितळी. तू तंबाखू खातोस?"

"न्हाई मॅडम."

तिनं डबी उजेडात धरली. झाकणावर अक्षरं कोरलेली होती. ती दारातल्या जमादाराला म्हणाली, "तातेराव शेठला बोलवा."

४

तातेराव शेठ आला तो घाम पुसतच. गावातला वजनदार माणूस. सोयाबीन, कापूस, हळद, लग्नाचं कार्यालय, सगळीकडं हात.

"तुमची डबी मेलेल्या माणसाच्या मुठीत काय करून राहिली, शेठ?"

शेठचा चेहरा पडला. "त्यांनी मागितली म्हणून दिली. एक वाजता आले. म्हणाले, शेठ, जरा चुना देता का. मी म्हणलं, साहेब तुमी बी सुरू केली का? हसले. न्हाई, म्हणाले, वाघाला खाऊ घालायचाय."

"वाघाला?"

"देवाशपथ. मला वाटलं पुण्याची माणसं, चेष्टा करतात."

"तुमाला ते चित्र पाहिजे होतं म्हणं. दुकानात लावायला. साहेब न्हाई म्हणाले."

"मागितलं होतं. हळदीचं दुकान, हळद्या वाघ, शोभलं असतं. न्हाई म्हणाले तर मी कॅलेंडर लावलं. तेवढ्यासाठी कुणी डोकं फोडतं का मॅडम? मला चार पोरी हायेत."

तेवढ्यात दारात गलका झाला. याडी आली होती, चारच्या बोलीप्रमाणं. तिला वाटेत कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं माझं तोंड पाहिलं, सुजलेला डोळा, हनुवटीवर वाळलेलं रक्त. रडली न्हाई. पदर ओला करून माझं तोंड पुसायला लागली. जमादार म्हणाला, "ए बाई, बाजूला हो." तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा न्हाई.

"दात कुठं हायेत?" मला म्हणाली.

"यार्डात."

"घेऊन येऊ." जसं काही चप्पल राहिली होती.

मॅडम खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसली. "मावशी, तुमच्या लेकरावर खुनाचा आळ हाय. मला खरं सांगा. काल बालाजी साहेबांनी तुमाला काय इचारलं?"

"मास्तर रंग कसा करायचे ते. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी इचारलं." याडी खाली बसली. "पिवळी माती बिती काही न्हाई. आमच्या शेतातली हळद. डिंकात कालवायची. लेकरांना गोष्ट सांगताना वाघ शेळी खातो तिथं आले की मास्तर बोटाला चुना लावून वाघाच्या जिभेवर फिरवायचे. हळदीला चुना लागला की लाल. जीभ रक्ताळायची. लेकरं किंचाळत पळायची अन् परत यायची. पुढं चुना झडला की लिंबाचा हात फिरवून पुन्हा पिवळी. दर साली नवी हळद भरायचे."

मॅडम उठली. याडीला हाताला धरून चित्रापाशी नेलं.

याडीनं वाघाच्या तोंडाजवळ डोळे नेले. जिभेवर चुन्याचा पांढरा फराटा होता.

"कुणीतरी जीभ रंगवून पाहिली," ती म्हणाली. "रंगली न्हाई."

५

म्हणजे बालाजी सरांनी खात्री करून घेतली होती. चुना लावला, तो पांढराच राहिला. वाघ खोटा. अन् त्याच वेळी मागं कुणीतरी उभं होतं.

सोमेश्वर आला. धुतल्या तांदळासारखा. शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. बालाजी सरांचं नाव घेताना आवाज कापला त्याचा, डोळे भरले. मला वाटतं ते खोटं नव्हतं.

"मी एक वाजल्यापासून गलका होईपर्यंत बसमध्ये झोपलो होतो. आत आलोच नाही. मॅडम, ह्या मुलानं काल सगळ्यांसमोर धमकी दिली. त्याचा गमछा रक्तानं भरलाय. आणखी काय पाहिजे?"

"काही न्हाई. माझी आपली शंका." मॅडमनं चित्राकडं हात केला. "ह्यो पिवळा कशाचा हो?"

"पिवळी माती. पाटीवर आहे की."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बघून कळतं. मी पाच वर्षं हेच शिकलोय."

"व्हय, बराबर. वरवंट्याच्या कपाटाची किल्ली?"

"एक सरांकडे, एक माझ्याकडे. पण कपाट दिवसा उघडंच असतं. कुणीही घेईल."

तो गेल्यावर मॅडमनं जमादाराला रसवंतीवरून लिंबू आणायला पाठवलं. मला वाटलं पाणी करून पिणार. तिनं दार लोटलं, गमछा टेबलावर पसरला.

"सेवा, तू हळदीत काम करतोस. रक्त वाळल्यावर कसं व्हतं?"

"काळं."

"फरशीवरचं झालं की. मग ह्यो गमछा अजून कुंकवासारखा काहून?"

मी उरलेल्या एका डोळ्यानं पाहिलं. दुपारपासून ते समोर होतं. गर्दीतल्या प्रत्येकानं पाहिलं असंल. सगळे हळदीच्या गावातले. पण तांड्यावरच्या पोराचा गमछा अन् त्यावर लाल, एवढं दिसल्यावर पुढं कुणी बघितलंच न्हाई. मी बी न्हाई. मार खाताना माणसाला स्वतःवरच शंका येते.

मॅडमनं लिंबू पिळलं. थेंब पडले तिथला लाल रंग सरकत सरकत गेला अन् खाली पिवळा वर आला.

"हे बाहेर बोललास तर उरलेले दात मी पाडीन," ती म्हणाली.

"मग चुना हाय का मॅडम? शेठचा?"

"चुना एका बोटावर असतो. हे तळहात हायेत, दोन्ही. मोज."

मी मोजलं. दोन तळव्यांची जोडी पाच वेळा.

६

"वरवंट्याच्या ठोक्यानं रक्त उडतं. मारणाऱ्याचे हात भरले. तो तिथं गेला." मॅडमनं कोपऱ्यातल्या बेसिनकडं बोट केलं. "साबण लावला. नळाला करंगळीएवढी धार, घाईत अर्धाच धुतला. शेजारी खुर्चीवर तुझा गमछा होता, काल पडलेला. त्याला हात पुसले. साबण लागला की हळद लाल. आता मला सांग, तू काय केलं असतंस?"

"काही न्हाई. साबणानं होतं ते. रोजच होतं."

"रोज कपडे धुणाऱ्याला ते माहीत असतं. कुठल्याही बाईला माहीत असतं. बाबूसिंगला माहीत हाय, शेठ तर हळदीतच जन्मला. पण ज्याला माहीत न्हाई, त्याला काय वाटंल?"

त्याला वाटंल, रक्त अजून हाताला हाय. मग पुन्हा साबण. पुन्हा पुसणं. पुन्हा लाल. पाच वेळा.

"असला एक माणूस हाय, असं मला वाटतं," मॅडम म्हणाली. "पण वाटण्यावर कोर्ट चालत न्हाई."

तिनं यार्डातून हळदीची दोन जुनी फडकी मागवली, एक बेसिनशेजारी खिळ्याला अडकवलं. मग तिघांना एकेक करून आत बोलावलं. बोटांचे ठसे घ्यायचेत, आधी हात साबणानं धुवा, असं सांगितलं.

आधी शेठ. त्यानं साबण लावला, फडक्याकडं हात नेला अन् थांबला. "मॅडम, हे हळदीचं हाय. लाल व्हईल." धोतरालाच हात पुसले.

मग बाबूसिंग. त्यानं हात धुतले, फडकं पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला अन् पँटीला पुसले.

मग सोमेश्वर.

त्यानं साबण लावला. करंगळीएवढ्या धारेखाली हात धरले, वैतागला, तसेच ओले हात फडक्याला पुसले.

फडकं लाल झालं.

मी माणसाचा चेहरा असा होताना कधी पाहिला न्हाई. तो फडक्याकडं बघत नव्हता. स्वतःच्या तळव्याकडं बघत होता. उजवा उलटा केला, डावा उलटा केला, नखांत पाहिलं. मग परत नळाकडं गेला. साबण. घासघास घासले. पुसले. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा वळला तेव्हा त्याच्या तोंडातून बारीक आवाज निघाला, "अजून कुठून येतंय हे?"



"दुपारी पाच वेळा धुतले व्हते," मॅडम म्हणाली. "आता बी पाच वेळा धुवायचे का?"

त्यानं वर पाहिलं. मला वाटलं रडंल. त्यानं भिंतीला टेकवलेला काचेचा लांब तुकडा उचलला.

त्याच्या अन् दाराच्या मध्ये मॅडम नव्हती. दाराशी याडी बसली होती. तो तिच्याकडं धावला, ढकलायला की भोसकायला ते त्यालाच माहीत. मी बेडीसकट उडी मारली. मनगटाची कातडी सोलून निघाली. पाय त्याच्या गुडघ्यात घातला. तो माझ्यावरच पडला अन् काच माझ्या मांडीत शिरली. आधी गार लागली, मग आग. त्यानं ती उपसली, पुन्हा उचलली. त्याचा स्वतःचा तळवा चिरला होता, रक्त माझ्या तोंडावर गळत होतं. ह्या वेळी खरं.

मॅडमची काठी आली ती त्याच्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज दुपारी माझ्या बरगडीतून आला होता तसाच. दुसरी खांद्यावर. काच खाली पडली.

याडी जागची उठली नव्हती. तिनं फक्त पाय जवळ घेतले.

७

बसमध्ये झोपायच्या फळीखाली जाड कागदाची गुंडाळी सापडली. वर त्याचा रक्तानं भरलेला शर्ट, आत चित्रं. सव्वीस. पिवळा होता ती सगळी.

जमादार ती कार्यालयात घेऊन आला अन् टेबलावर उलगडली. माझ्या मांडीला तेव्हा पट्टी बांधून राहिले होते. बेडी काढली होती. मी लंगडत गेलो.

पहिल्याच कागदावर मिशा होत्या. काजळाच्या, बाच्या हातच्या. डोळे होते, नखं होती. वाघ नव्हता. कागद पांढरा. सव्वीसच्या सव्वीस तसेच, सूर्य न्हाई, मोहरीचं शेत न्हाई, पिवळी शेळी न्हाई. नुसत्या काळ्या रेघा.

"मी एकही विकलं नाही," सोमेश्वर म्हणाला. कोपर छातीशी धरून फरशीवर बसला होता. पुण्याचा ताठा सगळा गेला होता. "सहा महिन्यांत रंग उडायला लागला. दिवे मीच लावले होते. माती उडत नाही, मॅडम, माती शंभर वर्षं टिकते. मला कळेना काय होतंय. वरिष्ठांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तूच घालवलीस. म्हणून नकला केल्या. एक केली, मग दुसरी करावी लागली. आज सर त्या जिभेवर काहीतरी घासत होते. मागं न वळताच म्हणाले, सोमेश्वर, हे खोटं आहे, मला पुण्याला कळवावं लागेल. आवाज चढवला पण नाही त्यांनी." त्यानं कोपर आणखी जवळ घेतलं. "एकच ठोका मारायचा होता. ते पडेचनात."

"किती?" मॅडमनं इचारलं.

त्यानं चांगला हात तोंडावर घेतला.

याडी एकेक कागद बोटानं चाचपत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर राग असता तर बरं झालं असतं.

"मला इचारायचं काहून न्हाई, लेकरा? मूठभर हळद लागली असती."

तो ओरडायला लागला. कोपर दुखतंय म्हणून असंल. जमादारानं त्याला बाहेर नेलं तरी आवाज येत होता.

ज्या लोकांनी मला मारलं त्यांच्यातले दोघं दुसऱ्या दिवशी तांड्यावर आले. हात जोडले, गैरसमज झाला म्हणाले. मी तक्रार दिली. मॅडमनं लिहून घेतली. गैरसमज कमी होता अन् काठ्या जास्त होत्या, हे बी लिहा म्हणलं. तिनं तेवढं लिहिलं न्हाई.

चित्रं यायला चार महिने लागले. बालाजी सरांच्या बायको, संगिताताई, स्वतः घेऊन आल्या. मी त्यांच्यासाठी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, ऐन वेळेला एवढंच निघालं, "चष्मा भरून द्यायचा राहिला माझ्याकडून." त्यांनी पर्समधून चष्मा काढला. एक काच गेलेली, काडी दोऱ्यानं बांधलेली. सर गेले त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर तोच होता. "हा शाळेत ठेवा," म्हणाल्या.

वरवंटा अजून कोर्टात हाय. याडीनं शेजारणीचा आणला, नवी हळद वाटली, डिंकात कालवली. बाच्या रेघांबाहेर कुठं गेली न्हाई ती. सकाळी बसली ती दुपारपर्यंत वाघ भरला.

मग शाळेतली लेकरं बोलावली. गोष्ट मी सांगितली. दात नसल्यामुळं हवा जाते, लेकरं त्यालाच हसत होती. वाघ शेळी खातो तिथं आलो तशी याडीनं चुन्याची डबी माझ्यापुढं सरकवली. मी बोट बुडवलं अन् जिभेवर फिरवलं.

लाल झाली. लेकरं किंचाळत दारापर्यंत पळाली, अन् लगेच परत आली. "आणखी एकदा, काका. आणखी."

मी बोट पुसायला गमछ्याकडं हात नेला अन् तसाच थांबलो. याडी बघत होती.

"पूस," ती म्हणाली. "हळद हाय ती."